विहिरीतून निघालेली गार: ओळखायची कशी, किंमत करायची कशी

भोकरदन तालुक्यात माझ्या मामाचं शेत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत विहिरीचं काम चालू होतं. एका संध्याकाळी सुरुंग उडाला, धूर ओसरला आणि खालून हाक आली, "मालक, गारा निघायल्यात!" यारीच्या बादलीतून वर आले ते पांढरे, फिकट गुलाबी, उन्हात चकाकणारे खडे. मामीने त्यातले चार उचलून तुळशीपाशी ठेवले. पोरांनी दोन फोडले. उरलेले मी फरशी धुवायच्या ॲसिडमध्ये टाकले, कारण मला ते आणखी चमकवायचे होते. सकाळी पाहिलं तर चमक गेलेली, कडा बोथट आणि वर खडूसारखा पांढरा थर.

महिनाभराने एक खरेदीदार गावात आला. अख्ख्या पोत्याचे त्याने दोनशे रुपये सांगितले. निघताना त्याची नजर तुळशीपाशी गेली. तिथला एक दगड हातात घेऊन तो बराच वेळ फिरवत राहिला आणि म्हणाला, "हा तेवढा वेगळा द्या, ह्याचे वेगळे देतो." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की पोत्यात आणि तुळशीपाशी एकाच विहिरीचे दगड असले तरी त्यांची किंमत एक नाही, आणि तो फरक बराचसा माझ्याच हाताने पडला होता. मामाने तो दगड दिला नाही. पुढे मी तो घेऊन बऱ्याच जणांकडे गेलो, विचारलं, शिकलो. तुमच्या शेतात, विहिरीत किंवा खदानीजवळ असा दगड सापडला असेल, तर पुढचं वाचेपर्यंत त्याला पाणीसुद्धा लावू नका.

१. आधी आपल्या पायाखालचा दगड समजून घ्या

मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले, त्यातून दख्खनचं पठार तयार झालं. लाव्हा थंड होताना आतला वायू वर येतो आणि थराच्या वरच्या भागात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात. पुढे या पोकळ्यांमधून गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्यात विरघळलेल्या द्रव्यांचे स्फटिक आतल्या भिंतींवर वाढले. आपण सरसकट 'गार' किंवा 'गारगोटी' म्हणतो ते हे.

विहीर खोदणाऱ्या वडार कारागिरांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. घट्ट काळा पाषाण लागला की ते म्हणतात, यात काही नाही. ठिपक्याठिपक्यांचा, पोकळ्या भरलेला 'मांजऱ्या' लागला की गारा निघू शकतात. दोन थरांच्या मधे कधी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो, तो एका लाव्ह्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात. दगड कोणत्या थरात, किती फुटांवर सापडला हे त्याच दिवशी विचारून लिहून ठेवा. याचा उपयोग सहाव्या टप्प्यात कळेल.

एक अपवाद ध्यानात असू द्या. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला, देगलूर-बिलोलीकडे, ग्रॅनाइटचा जुना खडक उघडा पडलेला आहे. तिथे सापडणाऱ्या गुलाबी फेल्डस्पार, अभ्रक आणि पांढऱ्या क्वार्ट्झला या लेखातले बरेच नियम लागू होत नाहीत.

२. कुठून उचलता येतं आणि कुठून नाही

हा टप्पा लोक सगळ्यात शेवटी वाचतात. मी तो मुद्दाम वर घेतला आहे.

वेरूळ, अजिंठा, देवगिरी अशा संरक्षित स्मारकांच्या आवारातून दगड उचलायचा नाही. गौताळा अभयारण्यातूनही नाही. तिथे कायदा आडवा येतो आणि तो योग्यच आहे. दुसऱ्याच्या शेतात मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. खदान आणि क्रशरवर परवानगी असली तरी सुरुंगाच्या वेळी थांबू नका.

स्वतःच्या विहिरीच्या ढिगाऱ्यातून चार खडे घरात ठेवणं वेगळं, आणि गारांसाठी खोदकाम करून विकणं वेगळं. सातबारा आपल्या नावावर असला म्हणजे जमिनीखालचं खनिजही आपोआप आपलं झालं, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ मध्ये खनिजांवरच्या सरकारच्या हक्काची तरतूद आहे, आणि विनापरवाना उत्खननाला दंडही आहे. २०१५ मध्ये केंद्राने अकीक, कॅल्साइट, जॅस्पर अशी एकतीस खनिजं गौण खनिजांत घातली, आणि गौण खनिजांचे नियम राज्य करतं. विकायचा विचार असेल तर आधी तहसील कार्यालयात गौण खनिजाचं काम बघणाऱ्या कारकुनाला भेटा. जाताना सोबत ठेवा:

- चालू सातबारा आणि आठ-अ
- जमीन सामायिक असेल तर सगळ्या खातेदारांची लेखी संमती
- आधार आणि पॅनकार्डची प्रत
- विहिरीच्या कामाची मंजुरी असेल तर तिची प्रत
- दगडांचे आणि ढिगाऱ्याचे तारखेसह फोटो

स्वामित्वधन, म्हणजे सरकारची रॉयल्टी, भरायचं का, वाहतूक पास लागेल का, हे तिथेच लेखी विचारा. "काही लागत नाही, घेऊन जा" असं तोंडी उत्तर मिळालं तर अर्जाची पोच तरी मागा.

३. धुवू नका, फोडू नका, आत उतरू नका

उतरण्याचं आधी. सुरुंगानंतर विहिरीत घाण हवा साचते. गारांच्या मोहाने कुणीही लगेच खाली जायचं नाही. काठावरचा सैल दगडही तितकाच वाईट.

धुण्याबद्दल. आपल्याकडच्या बहुतेक गारा झिओलाइट गटातल्या असतात. हे नाव १७५६ मध्ये क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने दिलं. त्याने दगड तापवला तेव्हा तो उकळल्यासारखा फुगला, कारण या खनिजांच्या रचनेतच पाणी असतं. म्हणून 'उकळणारा दगड' अशा अर्थाचं हे ग्रीक नाव. तीव्र ॲसिड ही रचना मोडतं. माझ्या पोत्यातल्या दगडांवर आलेला पांढरा थर त्यामुळेच. संडास किंवा फरशी धुवायचं ॲसिड, गरम भट्टी, रखरखतं ऊन, तिन्ही टाळा. जांभळी गार, म्हणजे ॲमेथिस्ट, जास्त दिवस उन्हात ठेवली तर तिचा रंग उडतो. लोमोंटाइट नावाचं पांढरं खनिज तर नुसत्या कोरड्या हवेतही पाणी गमावून भुगा होतं, आणि आपल्याकडची मे महिन्याची हवा कशी असते ते सांगायला नको. ओलसर जागेतून घट्ट निघालेला पांढरा दगड आठवड्यात चुरायला लागला तर बहुधा तो हाच.

माती काढायची असेल तर साधं पाणी आणि लहान मुलांचा मऊ टूथब्रश पुरे. कापसासारख्या गोळ्यांना किंवा केसांसारख्या सुयांना मात्र पाणी आणि ब्रश दोन्ही नको. केसाळ दगड कधी कुटू नका, त्यावरची धूळ तोंडाने फुंकू नका. तंतुमय झिओलाइटांपैकी एरिओनाइट नावाच्या एकाची धूळ श्वासातून गेल्यास कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे, आणि नुसत्या डोळ्यांनी तो ओळखता येत नाही.

फोडण्याबद्दल. गोल, जड, बाहेरून ओबडधोबड गोळा मिळाला की प्रत्येकाचा हात हातोड्याकडे जातो. आत पोकळी असेल तर एका घावात स्फटिकांची टोकं जातात. पाथरवटाकडे न्या. त्याला दगडाची शीर कळते. छन्नीने भोवताली हलके हलके मारत तो गोळा दोन फाकांत उघडतो. तरीही जवळ उभं राहताना डोळ्यांवर चष्मा असू द्या.

४. साहित्य जमवा

महागडं काही लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग, तांब्याच्या तारेचा तुकडा, जुना चाकू, काचेचा तुकडा, चुंबक, टाइलचा चकाकी नसलेला मागचा भाग, व्हिनेगर, नोटा तपासायची जांभळ्या प्रकाशाची टॉर्च आणि एक ग्रॅम दाखवणारा वजनकाटा. यातल्या भिंगावर मात्र पैसे वाचवू नका. स्वस्त भिंगात कडांना इंद्रधनुष्य दिसतं आणि दगडाचा खरा रंग कळत नाही.

५. नाव काढा

इथे वेळ द्या. नाव चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

आधी आकार बघा, रंग नंतर. रंग फसवतो. पांढऱ्या रंगाची निदान सात-आठ वेगवेगळी खनिजं एकाच पोकळीत असू शकतात. भिंग लावा आणि स्फटिकाचे कोपरे मोजा.

*स्टिल्बाइट.* आपल्याकडे नेहमी आढळणाऱ्यांपैकी एक. साय, दूध किंवा फिकट पीचचा रंग. मधे आवळून बांधलेली कडब्याची पेंढी कशी दोन्ही टोकांना पसरते, तसा याच्या स्फटिकांचा जुडगा असतो. सपाट बाजूवर मोत्यासारखी चमक. हा आकार एकदा डोळ्यांत बसला की पुन्हा चुकत नाही.

*ह्यूलँडाइट.* चमक तशीच मोत्याची, पण पेंढी नाही. मधे रुंद आणि टोकांकडे निमुळत्या होणाऱ्या जाड वड्या. नवख्या माणसाचा स्टिल्बाइटशी हमखास घोळ होतो. माझाही व्हायचा.

*ॲपोफिलाइट.* सगळ्यात जास्त गैरसमज याच्याबद्दल आहेत. पाण्यासारखा स्वच्छ, कधी हिरवट, टोकाला चार बाजूंचा मनोरा. गावात 'हिरा सापडला' अशी आवई उठते ती बऱ्याचदा याच्यामुळे. रचनेने तो झिओलाइट नाही, पण त्यांच्याच शेजारी वाढतो. खांबाच्या बाजूंवर उभ्या बारीक रेघा असतात आणि खांब आडवा तुटला तर तुटलेली बाजू मोत्यासारखी झळकते. हिरवा रंग त्यात अल्प प्रमाणात असलेल्या व्हॅनेडियममुळे येतो.

*स्कोलेसाइट आणि मेसोलाइट.* एका बिंदूतून फुटलेल्या सुया. दोघांतला फरक घरी कळत नाही. "सुईदार झिओलाइट" एवढंच लिहा. खोटं नेमकं नाव लिहिण्यापेक्षा ते चांगलं.

*ओकेनाइट.* उमललेल्या कापसाच्या बोंडासारखे पांढरे गोळे. हात लावला की तंतू चिकटून बसतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत.

*कॅल्साइट.* मधासारखा पिवळा, पांढरा किंवा पारदर्शक. फुटला की तिरक्या पेटीसारखे तुकडे पडतात. स्वच्छ तुकडा छापील अक्षरावर ठेवला तर एक अक्षर दोन दिसतं. मुलांना हे दाखवाच.

*क्वार्ट्झ, ॲमेथिस्ट आणि कॅल्सेडोनी.* खरी गार ती ही. टोकाला सहा बाजू, खांब दिसत असेल तर त्यावर आडव्या रेघा, आणि फुटल्यावर शिंपल्यासारखे वक्र खळगे. कॅल्सेडोनी म्हणजे याचंच अतिसूक्ष्म कणांचं रूप. वितळून थिजलेल्या मेणासारखी दिसते, पट्टे असले की आपण तिला अकीक म्हणतो.

अकीकाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी वृत्तांतात नोंद आहे की पैठणहून गाड्यांमधून असले दगड मोठ्या प्रमाणात भडोचच्या बंदराला जात, आणि तेरहून कापड. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या शासकीय संग्रहालयात त्या काळातले मणी आजही बघता येतात. आपल्या मातीतल्या दगडाची पारख या भागात दोन हजार वर्षांपूर्वी होती. जरूर जाऊन बघा, डोळा तयार होतो.

मग काठिण्य तपासा. मोह्‌स यांच्या श्रेणीत संगजिरं १ आणि हिरा १०. नख साधारण अडीच, तांब्याची तार तीन, चाकू आणि काच साडेपाच, क्वार्ट्झ सात. कॅल्साइट ३, स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट साडेतीन ते चार, ॲपोफिलाइट साडेचार ते पाच, स्कोलेसाइट पाचच्या थोडं वर. याचा उपयोग सरळ आहे. तुमच्या 'हिऱ्या'वर चाकूने ओरखडा उठला तर तो हिरा नाही आणि क्वार्ट्झही नाही. ओरखडा चांगल्या स्फटिकावर कधी काढू नका. पोत्याच्या तळाशी पडलेला कपचा घ्या, किंवा दगडाच्या मागच्या बाजूचा नको असलेला कोपरा. ओरखड्याची पूड बोटाने पुसून बघा. कधी चाकूचाच धातू दगडावर उमटतो आणि आपल्याला तो ओरखडा वाटतो.

व्हिनेगरचा थेंब. फुटक्या तुकड्याची पूड करून त्यावर थेंब टाका. कॅल्साइट असेल तर बारीक फेस येतो. थेंब कपच्याच्या पुडीवरच टाका, दगडावर नाही.

विशिष्ट गुरुत्व, म्हणजे दगड तेवढ्याच आकाराच्या पाण्यापेक्षा किती पट जड आहे ते. ही चाचणी मला सगळ्यात आवडते. दगडाचं कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्य करा. दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला आणि कडांना टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. समजा कोरडं वजन २६५ ग्रॅम आणि बुडवल्यावर काट्यावर १०० आले, तर उत्तर २.६५, म्हणजे क्वार्ट्झ. कॅल्साइटचं २.७१, ॲपोफिलाइटचं २.३ ते २.४, स्टिल्बाइटचं २.२ च्या आसपास. दगडाला काळा पाषाण चिकटलेला असेल तर मात्र हा हिशेब निरर्थक आहे. सुटा, एकसंध तुकडा असेल तेव्हाच करा.

टाइलवर घासा. पांढऱ्या खनिजांना याचा उपयोग नाही. पण काळा जड दगड घेऊन "ही उल्का आहे" म्हणणारे दर महिन्याला भेटतात, त्यांच्यासाठी आहे. लालसर तपकिरी कस उमटला तर हेमॅटाइट, काळा उमटला आणि चुंबकाला चिकटला तर मॅग्नेटाइट असण्याचीच शक्यता जास्त. बुडबुड्यांची छिद्रं असलेला जड काळा दगड बहुतेक वेळा भट्टीतली मळी असते किंवा साधा बेसॉल्ट. शेजारी लोणारचं विवर असल्याने आपल्याकडे ही कल्पना लवकर रुजते. खरंच उल्का वाटत असेल तर विकायला काढू नका. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा, देशातल्या उल्कांची नोंद आणि जतन तेच करतात.

घरी नाव निघालं नाही तर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्र संकुल आहे. जवळच्या महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवत असतील तर तिथे जा. अख्खं पोतं नेऊ नका. एक बरा नमुना, दोन कपचे आणि तुमच्या चाचण्यांचे आकडे लिहिलेला कागद न्या. आकडे घेऊन आलेल्या माणसाशी शिक्षक मन लावून बोलतात, हा माझा अनुभव आहे. नेमकं नाव हवंच असेल तर क्ष-किरण विवर्तनाची चाचणी असते, तिला चिमूटभर पूड पुरते. शक्य झालं तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघून या. तिथले तुकडे एकदा पाहिले की आपल्या हातातला दगड कोणत्या पायरीवर आहे ते आपोआप समजतं.

६. किंमत कशावर ठरते

पहिली गोष्ट, वजनावर नाही. किलोवर विकतात ते फुटके, घोटून गुळगुळीत करायचे दगड. स्फटिकाचा नमुना एकेक करून बघितला जातो. "सगळं पोतं कितीला?" असा प्रश्न आला की समजा, समोरच्याने त्यातला एक तुकडा आधीच हेरलेला आहे.

मी पुढच्या क्रमाने बघतो.

*इजा.* समोरून दिसणाऱ्या मुख्य स्फटिकाचं टोक शाबूत आहे का? एक टोक उडालेलं असेल तर बाकी सगळं सुंदर असूनही किंमत धाडकन खाली येते. पण तुटणं आणि टेकणं यात फरक करा. स्फटिक वाढताना शेजारच्याला टेकला तर तिथे सपाट, मंद खूण राहते. ती जन्माची असते, तिला कमी दोष धरतात. ताजी मोड काचेसारखी झळकते.

*चमक आणि पारदर्शकता.* ओल्या दगडावरून किंमत कधीच करू नका. पाण्याने प्रत्येक दगड उजळतो. पूर्ण वाळू द्या, मग खिडकीजवळ धरा.

*रंग आणि सोबत.* साधा पांढरा स्टिल्बाइट आपल्याकडे मुबलक आहे, त्याला भाव कमी. पण पीच रंगाच्या स्टिल्बाइटवर एकच हिरवा ॲपोफिलाइट सरळ उभा असेल तर गोष्ट बदलते. कोण कुणावर कसा बसलाय, काळ्या पाषाणाचा तुकडा खाली बैठक म्हणून आहे का, दगड आधाराशिवाय उभा राहतो का, हे सगळं मोजलं जातं. म्हणून पाषाण 'नुसता दगड' समजून छिलून टाकू नका. मी पाच नमुन्यांची बैठक अशीच छिलली, आणि पाचही सुटे तुकडे होऊन बसले.

*आकार.* संग्राहकांच्या मोजमापात इंचभर पेटीत मावणारा तुकडा एका गटात, दोन इंचांपर्यंतचा दुसऱ्या, आणि कपाटात मांडायचे मोठे तुकडे आणखी वेगळ्या गटात पडतात. मोठा म्हणजे महाग असं नाही. इंचभराचा निर्दोष तुकडा फूटभराच्या फुटक्याला मागे टाकतो.

*गाव.* मला जे सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते हेच. दख्खनच्या गारा जगभरच्या संग्रहालयांत आहेत, भोरघाटातून रेल्वे काढली त्या काळापासून. पण त्यांच्या चिठ्ठ्यांवर किती वेळा नुसतं 'पुणे', 'जळगाव' किंवा 'भारत' एवढंच लिहिलेलं असतं! व्यापारी आपली खाण गुप्त ठेवतो, मधल्या हातांमध्ये गाव हरवतं, आणि आपल्या तालुक्याचा दगड दुसऱ्याच जिल्ह्याच्या नावाने मिरवतो. गाव, तालुका, गट नंबर, खोली, थर आणि तारीख लिहिलेला नमुना अभ्यासकाला उपयोगी पडतो आणि जाणकार संग्राहक त्याला जास्त मोल देतो. चांदीचा वर्ख लावूनही दगडाला हे मोल येणार नाही, आणि चिठ्ठीला फक्त दोन मिनिटं लागतात. ही माहिती तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडेही नाही. एकदा हरवली की कोणतीच प्रयोगशाळा ती परत आणून देत नाही.

७. भाव विचारताना

निदान तिघांना दाखवा, एकमेकांच्या ओळखीचे नसलेले. इंटरनेटवर लावलेल्या किमती म्हणजे मागणी असते, त्या भावाला माल गेला असं नाही. विकल्या गेलेल्या वस्तूंचे आकडे बघा, आणि तेही त्याच खनिजाचे, त्याच आकाराचे, तितक्याच इजेचे. दुकानदार ज्या भावाला विकतो त्याच्या बऱ्याच खाली विकत घेतो. प्रवास, फूट, न खपलेला माल त्यात असतो. ते समजून घ्या, पण एकाच दिवसात "आत्ता द्या नाहीतर राहू द्या" म्हणणाऱ्याला राहूच द्या.

फसवणुकीचे नेहमीचे प्रकार हे:

निळा, गर्द गुलाबी किंवा जांभळा ओकेनाइट म्हणजे बहुतेक वेळा रंगवलेला. कॅव्हान्साइट हे खरं निळं खनिज पुण्याजवळच्या वाघोलीमुळे जगात गाजलं, त्यामुळे निळं काही दिसलं की ते नाव चिकटवलं जातं. कधी कधी त्याचे दाणे दुसऱ्या दगडावर खरोखरच चिकटवलेले असतात. जांभळ्या प्रकाशाची टॉर्च अंधारात मारा. अनेक गोंद निळसर पांढरे उजळतात. तुम्ही स्वतः तुटलेला तुकडा जोडला असेल तर विकताना सांगा.

"आधी तपासणीची फी भरा, मग कोटींचा ग्राहक देतो" म्हणणारा ग्राहक नाही. तांदूळ ओढणारी धातू, नागमणी, परीस, ही सगळी एकाच धंद्याची नावं आहेत, त्यात आपल्याच भागातल्या माणसांच्या जमिनी गेल्या आहेत. आणि रत्नांची प्रमाणपत्रं मुख्यतः पैलू पाडलेल्या खड्यांसाठी असतात. कच्च्या नमुन्यासोबत चकचकीत प्रमाणपत्र आलं तर जास्त सावध व्हा.

विक्री झाली तर साध्या कागदावर का होईना, पावती करा: तारीख, खनिजाचं नाव, गाव, वजन, रक्कम, दोघांच्या सह्या. नियमित धंदा करायचा तर जीएसटीचं विचारून घ्या. परदेशी पाठवायचं तर आयात-निर्यात कोड लागतो.

८. ठेवायचं आणि पाठवायचं

वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या दगडाला लागते. आधी टिशू पेपर, मग बुडबुड्यांचं प्लास्टिक, मग पुठ्ठ्याची पेटी, आणि पेटीत दगड अजिबात हलता कामा नये. कापसाच्या गोळ्यांवर किंवा सुयांवर कागदसुद्धा टेकवू नका. बैठकीचा पाषाण पेटीच्या तळाला घट्ट बांधा आणि वर मोकळी जागा सोडा. आपल्या रस्त्यांवरून एसटीने नेणार असाल तर पेटी मांडीवर घ्या.

चिठ्ठी दगडाखाली चिकटवू नका, गोंद जुना झाला की ती गळते. मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका देऊन त्यावर क्रमांक लिहा, तोच क्रमांक वहीत आणि चिठ्ठीवर.

तुळशीपाशी राहिलेला मामाचा तो दगड स्टिल्बाइटच्या दोन पेंढ्यांवर उभा असलेला ॲपोफिलाइट निघाला. रोजच्या पाण्याने त्याचं काही बिघडलं नव्हतं, फक्त एका बाजूला हळदीचा डाग आहे आणि तो मी काढलेला नाही. चिठ्ठी करायला बसलो तेव्हा खोली किती होती ते मामाला आठवेना. विहिरीचं काम केलेल्या वडार मामांना फोन लावला. ते लगेच म्हणाले, "पंचेचाळीस फूट. वर काळा पाषाण होता, तांबडा पट्टा संपला अन् मांजऱ्या लागला, तिथंच." माझ्या वहीत क्रमांक १ पुढे आता त्यांचंच वाक्य आहे, जसंच्या तसं.